एकदाच धुतलेले हात

प्रिय आई,

काल तुझा फोन येत होता आणि मी उचलला नाही. रागावू नकोस. तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा तेच विचारते, "आई, माझे हात स्वच्छ आहेत ना गं?" आणि तू तिकडे पेडण्यात बसून, न बघताच म्हणतेस, "होय गो बाय, स्वच्छच आसत."

ताप होता म्हणून पेपरला उशीर झाला, असं मी तुला सांगितलं होतं. ताप नव्हता. मी हॉस्टेलच्या न्हाणीत हात धूत उभी होते. धुऊन झाले की नळ बंद करताना त्याला हात लागायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. बाहेर मुली दार वाजवत होत्या. एक ओरडली, "गो, सगळी मांडवी नदी तूच संपयतलीस काय? आमका थोडी ठेव!" सगळ्या हसल्या. आत मीही हसले आणि धूत राहिले. वर्गात पोचले तेव्हा निम्मा वेळ गेला होता, आणि बोटांच्या भेगांतलं रक्त उत्तरपत्रिकेला लागलं. मला मान वर करवेना.

तिथल्या पर्यवेक्षक बाईंनी ते पाहिलं आणि मला विद्यापीठाच्या समुपदेशक सायली मॅडमकडे नेलं. याला ओसीडी म्हणतात. आपण हसत मंत्रचळ म्हणतो, तोच. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्यात. पुढच्या परीक्षेला वेगळी खोली आणि जास्त वेळ मिळेल. त्याचीही लाज वाटते, दुसऱ्या कुणाच्या हक्काचं घेतल्यासारखी.

पण खरी लाज घरातली आहे. गेल्या गणेश चवथीला तू नैवेद्याचं सगळं माझ्यावर सोपवलंस, कारण माझ्याइतकं कडक सोवळं घरात कुणाचं नाही. वत्सलाकाकू सुनेला म्हणाली, "शीक मगे जरा गौरवीकडसून!" तू किती खूश झालीस. मी एका नेवरीत सारण भरायची आणि उठून नळावर जायची. ते सोवळं नव्हतं गं. माझ्या हातून घरातलं कुणीतरी आजारी पडेल, ही भीती होती. तुम्ही कौतुक केलंत, आणि मी ते गप्प राहून घेतलं.

तुझं "स्वच्छच आसत" मला घटकाभर शांत करतं आणि आजाराला बळ देतं, असं मॅडम म्हणतात. तुझा दोष नाही, तुला कुठे ठाऊक होतं? म्हणूनच हे लिहितेय. यंदा मला चवथीला यायचंय. नेवऱ्याही करीन, पण हात एकदाच धुऊन, तुम्हा सगळ्यांसारखे. मी विचारलं तर उत्तर देऊ नकोस. मी चिडेन, रडेन, काकूसमोर तमाशा होईल. तू उठू नकोस, शेजारी बसून लाटत राहा. आणि त्याच हातांच्या नेवऱ्या देवापुढे ठेव, मग सगळ्यांना वाढ. जमेल तुला? जमणार नसेल तर तसं सांग, मी यंदा इथेच राहीन.

उत्तराची वाट पाहणारी, तुझीच,
गौरवी