मागची दांडी

आदरणीय बासरीवाले दादा यांस,

क्लॅरनेटवाल्या धाकट्याचा सप्रेम नमस्कार. पत्रास कारण असं काहीच नाही. तुमची कंबर कशी आहे? गुडघे? खांदे? (पैकी खांद्यांचं जरा सविस्तर कळवावं.) वहिनींना नमस्कार सांगावा. इकडे सगळे सुखरूप आहेत, फक्त आमच्या बँडमास्तरांचा पाय मोडला आहे, आणि तो माझ्या पायांमुळे मोडला असं गावाचं मत आहे.

तुम्हाला आठवतच असेल, लढाईवर पोचलो त्याच दिवशी आपल्या पलटणीच्या बँडची वाद्यं कोठीत कुलूपबंद झाली आणि आपल्या हाती स्ट्रेचर आलं. पुढच्या दांड्या मी, मागच्या तुम्ही. पलटणीत आधी वर्षभर छडी मारून पावलाला पाऊल जुळवायला शिकवलं होतं, ते हवालदाराने एका दुपारी विसरायला लावलं. दोघांची पावलं एकदम पडली की स्ट्रेचर झुलतं आणि वरचा जखमी कळवळतो. म्हणून पुढच्याचा डावा तर मागच्याचा उजवा. हे माझ्या पायात असं मुरलं की घरी येऊन सहा वर्षं झाली तरी निघत नाही. शेजारच्याचा डावा पडला की माझा उजवा आपोआप पडतो. आमची ही तर माझ्याबरोबर बाजारात यायला तयार नसते. म्हणते, लोकांना वाटतं आपलं भांडण झालंय. (बहुतेक वेळा झालेलंच असतं, ते वेगळं.)

बँडमास्तर म्हणजे जांभई देतानाही ठेका सांभाळणारा माणूस. त्यांनी माझ्यावर दोन आरोप ठेवले: एक, मी बेताल चालतो; दोन, ऐन मिरवणुकीत मागे वळून बघतो. नव्या नळाच्या उद्घाटनापर्यंत सुधारला नाहीस तर गणवेश धुऊन, इस्त्री करून परत कर, असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. दादा, त्या गणवेशाला बारा पितळी बटणं आहेत, आणि वाजवण्याखेरीज मला दुसरं काही येत नाही. खरं सांगतो, माझ्या तोंडचं पाणी पळालं.

उद्घाटनाच्या दिवशी मी स्वतःच्या पायांकडे इतकं लक्ष दिलं की शेजारचा ट्रंपेटवालाही माझ्या पायांकडे बघू लागला, त्याचं बघून ढोलवाला, आणि शिंप्याच्या दुकानापर्यंत बँडात तेरा माणसं आणि तेरा ठेके झाले. मास्तर आमच्याकडे तोंड करून उलटे चालत होते, नजर माझ्या बुटांवर. ‘डावा रे, डावा,’ म्हणता म्हणता ते नळासाठी खणलेल्या चरात नाहीसे झाले. आम्ही आणखी दोन ओळी वाजवल्या, कारण थांबायची खूण त्यांनीच करायची असते.

चौघांनी न्हाव्याच्या दुकानासमोरचं बाकडं आणलं, मास्तरांना त्यावर घातलं आणि निघाले. मास्तरांनीच शिकवल्याप्रमाणे, पावलाला पाऊल जुळवून. बाकडं पाळण्यासारखं झुलू लागलं. मास्तरांची गत भीक नको पण कुत्रा आवर अशी झाली. मला राहवेना. चौघांना बाजूला केलं, पुढचं टोक मी घेतलं, मागचं ढोलवाल्याला दिलं आणि त्याला बजावलं की तू माझ्या उलट चाल. पंचवीस-तीस पावलं बाकडं हललं नाही की डुललं नाही, मास्तर गप्प. मग ढोलवाल्याच्या रक्तातला ढोल जागा झाला, त्याची पावलं माझ्या पावलांत येऊन मिसळली आणि मास्तर पुन्हा ओरडू लागले. तरी दवाखाना आला.

प्लास्टर वाळत असताना त्यांनी विचारलं, ‘हे कुठं शिकलास रे?’ मी सांगितलं. आम्ही लढाईत साहेबांच्या जेवणाच्या वेळी वाजवायचो, अशी गावाची समजूत होती आणि मीही ती कधी मोडली नव्हती. मास्तर म्हणाले, ‘आणि मी तुला बेताल म्हणत होतो.’ मला रडू आलं. मी ते सर्दीवर ढकललं.

असो. बाकी सगळं ठीक. उत्तराची घाई नाही.

आपला,
पुढची दांडी

ता. क. – ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? पुढच्या महिन्यात बँडची स्पर्धा आहे, चालत वाजवायची. मास्तर स्ट्रेचरवर उशीला टेकून छडी हलवणार आहेत. न झुलवता नेलंस तर गणवेश तुझा, म्हणाले. (म्हणजे बँडमध्ये राहायचं असेल तर मी वाजवायचं नाही.) मागची दांडी धरायला तुम्ही यावं.

ता. क. दुसरा – मास्तरांचं वजन मुद्दामच लिहिलेलं नाही.

ता. क. तिसरा – सरावासाठी स्ट्रेचरवर पिठाचं पोतं ठेवलं आणि मागे हिला उभं केलं. पावलं अगदी अचूक उलटी पडली, त्याची तिला सवयच आहे. पण मागून सूचना इतक्या आल्या की मी पोत्यासकट कोंबड्यांच्या खुराड्यात शिरलो.

ता. क. शेवटचा – कंबर नाहीच म्हणाली तर मी गणवेश परत करीन, त्याचं काही नाही. पण तुम्ही या. मिरवणुकीत मागे वळून का बघतो, ते मास्तरांना सांगितलेलं नाही. तुम्ही आहात ना मागे, एवढंच बघत असतो.