पावाच्या गाडीतून समुद्राकडे

आबा,

तुम्ही ती बेकरीची पाव वाहणारी जुनी मोटारगाडी आपल्या वस्तीत आणून उभी केलीत तेव्हा आई परातीत कणीक मळत होती. तशाच माखल्या हातांनी बाहेर येऊन तिने विचारलं, हे धूड आता ढकलत कोण नेणार. पंचवटीच्या पुढे, आडगाव नाक्याजवळच्या ज्या कारखान्यात तुम्ही ट्रकच्या लाकडी बॉडी बांधायचात, तिथल्या शेठने ती भंगाराच्या भावात घेतली होती. तुम्ही ती दुरुस्त करून द्यायची आणि त्या बदल्यात दिवाळीच्या सुट्टीत वापरायची, असं तुमचं ठरलं होतं. कशाला, तर समुद्र बघायला. आपल्या घरात कुणीच तो पाहिलेला नव्हता. गाडीतच राहायचं, गाडीतच रांधायचं, गाडीतच झोपायचं, असं तुम्ही सांगत होतात, आणि मी नि धाकटा त्या रिकाम्या डब्यात शिरून शिळ्या पावाचा आंबूस वास घेत बसलो होतो.

मग रोज संध्याकाळी तुम्ही कामावरून यायचात आणि चहा पिऊन पुन्हा हातोडी उचलायचात. पावाच्या फळ्या काढून तुम्ही भिंतीला दुमडणारे दोन बाक बसवलेत. स्टोव्हसाठी आतून पत्रा ठोकलेली पेटी केलीत, खिडकी कापून तिला जाळी लावलीत. आधी हसणारी आई हळूहळू तुमच्यापेक्षा जास्त रंगली. बाकांच्या मापाच्या गोधड्या तिने शिवल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, आणि आतल्या बाजूला बुद्धाचं एक छोटं चित्र खळीने चिकटवलं. फक्त टपावरचं पाण्याचं पिंप तिला पटलं नव्हतं. वाटेत गावं असतील, विहिरी असतील, एवढं पाणी नाशकाहून कशाला वाहायचं, असं ती विचारत राहिली. तुम्ही तोटी आवळत होतात. "आपलं पाणी आपल्याजवळ असलेलं बरं. कुणाच्या दारात उभं राहायला नको," एवढंच म्हणालात. त्यावर ती पुढे काही बोलली नाही. मला वाटलं, तिला तुमचं म्हणणं पटलं. ती का गप्प झाली हे कळण्याचं माझं वय नव्हतं, आणि तुम्हालाही ते मला सांगायचं नव्हतं.

त्र्यंबक मागे टाकून आपण जव्हारच्या घाटाला लागलो. रस्ता असा खडबडीत की भांडी आपोआप वाजत होती. आणि दुपार कलताना सुरूच्या झाडांमधून तो दिसला. तुम्ही गाडी थांबवता, इंजिन बंद करता, आणि कुणीच खाली उतरत नाही. मग धाकटा ओरडतो आणि आम्ही दोघं धावत सुटतो. आई पदर खोचून गुडघाभर पाण्यात उभी राहून हसते आहे, तुम्ही पँट वर दुमडून तिच्याजवळ जायला बिचकता आहात. तुम्हाला इतकं मोकळं मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

स्वयंपाकाला बसल्यावर आईने तोटी उघडली तर नुसता सुस्कारा निघाला. घाटातल्या धक्क्यांनी पिंपाचा सांधा उकलून सगळं पाणी रस्त्यावर सांडून गेलं होतं. धाकटा खारं पाणी प्यायला होता आणि आता रडत होता. तुम्ही उकललेला सांधा बोटांनी चाचपून पाहिलात. मग कळशी घेतलीत, आणि मी तुमच्या मागे निघाले.

जवळच चिकूची वाडी होती, वाडीत घर, घरापुढे विहीर. मालक वयस्कर आणि बोलायला मऊ. कुठून आलात, मुलं किती, असं त्यांनी आपुलकीने विचारलं, आणि त्याच आवाजात विचारलं, "आडनाव काय तुमचं?"

तुम्ही शेठचं आडनाव सांगितलंत.

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. मालकांनी रहाटाचा दोर तुमच्याच हाती देऊन पाणी शेंदू दिलं, वर चार चिकू दिले, आणि गाडीत घर केलंय म्हणता तर बघू तरी, म्हणून आपल्याबरोबर निघाले. गाडीपाशी तुम्ही त्यांच्या पुढे झालात, दार लावून घेतलंत आणि दाराला पाठ लावून बोलत उभे राहिलात. ते तुम्हाला शेठच्या आडनावाने हाक मारत होते; आत आई ऐकत होती, आणि ते चित्र होतं. मला तुमची इतकी लाज वाटली की मी वाळूत खाली बसले.

पाणी आम्ही पोरं घटाघटा प्यालो. आईने भात शिजवून आम्हाला वाढला, पण स्वतः ना पाणी घेतलं, ना भात. तुम्ही पेला पुढे केलात.

"मला नको," ती म्हणाली.

"तहान नाही का?"

"तहान हाय. पण हे पाणी तुमच्या नावानं आलेलं नाय."

सकाळी तुम्ही वाडीत परत गेलात. मला वाटलं पुन्हा पाणी आणायला, म्हणून मीही आले. मालक अंगणात दात घासत होते. तुम्ही चपला बाहेर काढल्यात आणि सांगितलंत, "काल मी आडनाव खोटं सांगितलं. आम्ही बौद्ध आहोत." मग आपलं खरं आडनाव सांगितलंत. ते चिडले नाहीत. त्यांनी चूळ भरली, विहिरीकडे पाहिलं आणि त्याच मऊ आवाजात म्हणाले, "आधी बोलला असता तर मी वरून ओतून दिलं असतं. आता गाववाल्यांना कळायच्या आत गाडी हलवा."

परत येताना मी तुमच्यावर ओरडले. कशाला सांगितलंत, त्यांना कुठे कळलं होतं, मला अजून समुद्रात जायचं होतं. तुम्ही मारलं असतंत तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, "रात्रभर तुझी आई जागी होती. तिच्यासमोर बसून मला घास गिळवेना." जाताना वाटेत एक सरकारी हापसा लागला. तुम्ही हापसत होतात आणि आई ओंजळीने पीत होती, थांबत नव्हती.

पुढे कितीतरी वर्षं मला तुमची त्या संध्याकाळची लाज वाटायची. तुम्ही गेलात तेव्हाही ती गेलेली नव्हती. सकाळी तुम्ही अनवाणी त्या अंगणात उभे होतात, हे आठवायला मला स्वतःचं घर, स्वतःची मुलं व्हावी लागली. आणि आठवलं तेव्हा तुमची लाज उरली नाही, माझ्या ओरडण्याची उरली.

आता तुमची नात कोकणात जायचं ठरवते आहे. भाड्याने मिळते तशी गाडी, आत पलंग, शेगडी, नळ. किनाऱ्यावर अशा गाड्या उभ्या करायला जागा असते, तिथे पाणी नि वीज जोडून देतात. आमच्या आजोबांनी हे सगळं कधीच केलं होतं, असं ती मैत्रिणींना अभिमानाने सांगते. परवा जेवताना तिने विचारलं, एवढी तयारी करून आजोबा दुसऱ्याच दिवशी परत का फिरले? हे लिहायला बसले ते तिला वाचायला द्यायचं म्हणून. पण कागद घडी घालून साड्यांच्या खाली ठेवते आहे. तिला मी सांगितलंय, धाकट्याला ताप आला होता.