आधी पूस, मग काप

३ जून

चि. खिट्टीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू दिवसभर मदतकक्षात बसून लोकांच्या कॉम्प्युटरची रडगाणी ऐकतेस, म्हणून तुला आणखी एक ऐकवायला संकोच वाटतो. पण सख्खी बहीण असून परक्यांनीच तुझा फायदा घ्यावा, हे काही बरोबर नाही. रविवारी फोनवर तू सगळं समजावलंस. तू बोलत होतीस तोवर मला सगळं कळत होतं, आणि फोन ठेवल्याबरोबर डोकं रिकामं झालं. माझा हा बटणांचा फोन बोलण्यापुरताच आहे, त्यावर तुझ्या लांबलचक सूचना मावत नाहीत. तेव्हा कागदावर लिही. एका हातात तुझं पत्र, दुसऱ्या हातात बाबांचा फोन, असं बसेन.

तक्रार अशी. बाबांचा फोन दुपारपर्यंत तापतो. जागा संपली म्हणून सारखा कुरकुरतो. चार्जरची पिन तिरकी धरून बसावं लागतं, हात हलला की चार्जिंग बंद. समोरचा मोबाईलवाला म्हणाला, एका मिनिटात सगळं काढून फोन कोरा करून देतो. मी हो म्हणणार, तेवढ्यात बाबांनी फोन छातीशी धरला आणि सोडेचनात.

कारण तुला ठाऊक आहे, पण तू लांब असतेस म्हणून लिहिते. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांना समजतं सगळं, मात्र शब्द ओठांशी येऊन अडतो. फोनवर पहिलं अक्षर दाबलं की वर तीन शब्द येतात. त्यातला आपला शब्द ते ओळखतात, दाबतात आणि फोन माझ्यापुढे धरतात. 'च' दाबला की 'चहा' येतो, 'क' दाबला की मी येते. सध्या त्यांचं बोलणं म्हणजे एवढंच. आता हा फोन कोरा केला, तर त्यांचे शब्द राहतील का? हे आधी सांग, बाकीचं मागाहून.

बाबांनी कुलपं दुरुस्त करता करता आपली नावं कडी आणि खिट्टी ठेवली, तेव्हा खिट्टीने आता जरा उपयोगी पडावं. माया असू दे, आणि सूचना सोप्या असू देत.

तुझी,
कडी

९ जून

ती. कडीताईस,
सा. न. वि. वि.

कोरा करू देऊ नकोस! मोबाईलवाल्याला गोड बोलून वाटेला लाव. राहतील की जातील हे कीबोर्ड कसा लावलाय त्यावर आहे, आणि ते बघितल्याशिवाय मी पैज लावणार नाही.

गंमत बघ. तो कीबोर्ड बाबांनी आजवर काय काय टाइप केलं, कोणत्या शब्दामागून कोणता शब्द आला, हे लक्षात ठेवत आलाय. म्हणून 'क' दाबल्यावर त्यांना कडी मिळते. माझ्या फोनवर 'कंपनी' मिळते, यावरून माझ्या आयुष्याची कल्पना कर.

आता कामाचं. फोन रोज एकदा बंद करून चालू कर. मी पगार घेते तो मुख्यतः हे वाक्य बोलायचाच. चार्जर सैल बसतो म्हणजे भोकात कचरा असणार. फोन बंद कर आणि लाकडी टूथपिकने हळूच कोरून काढ. आपल्या दुकानात सुया, तारा, हुक हाताशी असतात, पण धातूचं काही आत घालायचं नाही. जागेसाठी आधी आलेले व्हिडिओ काढ. एखादं अ‍ॅप जड झालं असेल तर त्याचा 'कॅशे' तेवढा साफ कर. शेजारी 'डेटा साफ करा' असं असतं, तिकडे फिरकू नकोस. कॅशे म्हणजे कामाच्या टेबलावरचा भुसा, डेटा म्हणजे टेबलच.

आणि माझ्यासाठी एक कर. एक शब्द टाइप करून पुढे फक्त मधला सुचवलेला शब्द दाबत जा. बाबांचा फोन आपण होऊन काय बोलतो ते मला कळव, मला राहवत नाहीये.

राग आला तरी लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
खिट्टी

१६ जून

चि. खिट्टीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी टूथपिक पावली. त्या भोकातून काय निघालं असेल? खिशातल्या सुताची गोळी, आणि तिच्यात पितळेचा चमचमता भुसा! किल्ल्या कापून हात न झटकता फोन खिशात घालायची सवय. आता पिन टक्कन बसते. व्हिडिओ काढताना कळलं की बाबांना सुप्रभात म्हणणारी माणसं फार आहेत आणि सगळ्यांकडे तेच फूल आहे. फोन आता तापत नाही. तू शिकलेली आहेस हे मला मान्य करावं लागतंय.

पण तुझ्या त्या खेळाने माझी दुपार गेली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, बाबा शेजारी स्टुलावर होते. मी 'दुकान' लिहिलं आणि मधला शब्द दाबत गेले. आलं, 'दुकान बंद आहे उद्या या'. 'किल्ली' लिहिलं तर, 'किल्ली तयार आहे पण तुम्ही कुठे आहात'. मग हळूच 'कडी' लिहिलं. आलं, 'कडी जेवली का नाही'. मी समोर असताना हे त्यांनी मला कधी विचारलेलं नाही. कुणाला विचारत होते कोण जाणे. मी मशीनचा कचरा काढायच्या निमित्ताने उठले.

परत येऊन 'आधी' लिहिलं, तर 'आधी पूस मग काप'. आठवतं ना? मी किल्ली कापायला शिकत होते तेव्हाचा त्यांचा मंत्र. विचारणं हा शब्द त्यांच्या तोंडी कधी नव्हताच. पत्ता पुसायचा, नाव पुसायचं, किल्ली कुठल्या दाराची ते पुसायचं. ते वाक्य पडद्यावर बघून बाबा हसले, खांदे हलेपर्यंत. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच.

आता हे शब्द जपायचे कसे, ते कळव. आठवण ठेव, आणि उत्तर लवकर टाक.

तुझी,
कडी

२२ जून

ती. कडीताईस,
सा. न. वि. वि.

पत्र ऑफिसात वाचलं आणि इतकी हसले की पलीकडच्या गिऱ्हाइकाला वाटलं, मी त्याच्या प्रिंटरला हसतेय. पुसण्यावरून मलाही आठवलं. लहानपणी बाबा म्हणाले होते, त्या काकांना पूस जरा. मी फडकं घेऊन गेले आणि काकांचे दोन्ही हात पुसून आले. आई किती दिवस ती गोष्ट सांगायची!

आता नीट वाच. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'शिकलेले शब्द' नावाचं पान आहे. तिथे 'खात्यात जपून ठेवा' याच्यापुढचं बटण चालू कर आणि फोन रात्रभर वाय-फायवर ठेव. मग फोन बुडाला, फुटला तरी शब्द नव्या फोनवर येतील. आपल्याच धंद्यातली गोष्ट आहे, दुसरी किल्ली करून ठेवायची. त्याच पानावर सगळ्यात खाली 'शिकलेले शब्द पुसा' असं लिहिलेलं असेल. त्याला हात लावू नकोस.

हे झालं की 'खिट्टी' लिहून बघ. पुढे काय येतं?

मी येत का नाही, असं तू विचारत नाहीस, पण पत्राच्या घड्यांतसुद्धा ते मला दिसतं. मागच्या वेळी आले, तेव्हा बाबा आणि मी समोरासमोर बसलो होतो. ते शब्द शोधत होते आणि मी त्यांच्याऐवजी बोलत होते. सगळं चुकीचं बोलत होते. मला ते सोसत नाही, ताई. जे दुरुस्त करता येत नाही त्याच्यासमोर मला बसता येत नाही. म्हणून म्हणते, फोनने माझ्याबद्दल काय म्हटलं ते तरी कळव.

दूर आहे म्हणून माया पातळ करू नकोस.

तुझी,
खिट्टी

२९ जून

चि. खिट्टीस,
आशीर्वाद.

शब्द गेले. सगळे गेले.

तुझं पत्र समोर ठेवून ते पान उघडलं होतं. जपायचं बटण दाबणार, तेवढ्यात एक बाई धावत आल्या. घराला कुलूप लागलं, किल्ली आत आणि गॅसवर दूध. मी हत्यारांची पिशवी उचलून पळाले. फोन काउंटरवर तसाच उघडा राहिला.

परत आले तर बाबा फोन हातात धरून बसले होते, तोंडाशी नाही, कानाशी नाही, जरा पुढे, उत्तराची वाट बघत असल्यासारखे. मी बघितलं तर पान रिकामं. 'द' दाबला तर 'दिवस', 'दर', 'देश'. दुकान नाही. हातातला फोन आता कोण्या अनोळखी माणसाचा वाटत होता.

मी ओरडले, खिट्टी. नको होतं ओरडायला. त्यांनी बोट नेऊन जिथे ती खालची ओळ होती ती जागा दाखवली आणि माझ्याकडे असं बघितलं, की यात माझं काय चुकलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. 'शिकलेले शब्द पुसा.' ज्या माणसाने जन्मभर पत्ता पुसला, नाव पुसलं, त्याला वाटलं, इथे शब्द पुसायची सोय आहे! ज्याला शब्द सापडत नाहीत त्याने ते बटण नाही दाबायचं, तर कोणी? फोनने खात्री करायला पडद्यावरचे आकडे लिहायला सांगितले असणार, तेही त्यांनी लिहिले असणार. आकडे जुळवण्यात त्यांचा हात कोण धरणार?

तेव्हापासून ते फोन उचलत नाहीत. चहा हवा असला तर कपाकडे बघतात. तुझं 'खिट्टी' लिहायचं राहूनच गेलं. काही करता येत असेल तर कर, नसेल तर तसं स्पष्ट लिही.

तुझी,
कडी

४ जुलै

ती. कडीताईस,
सा. न. वि. वि.

स्पष्ट लिहिते. ते परत येत नाहीत. दोन दिवस ऑफिसातल्या सगळ्यांचं डोकं खाल्लं, सगळ्यांनी माना हलवल्या. चूक बाबांची नाही, तुझी तर नाहीच. फडकं घेऊन काकांचे हात पुसणाऱ्या मुलीला ती ओळ वाचून काहीच खटकू नये, याचं मला नवल वाटतंय.

पण शब्द फोनमधून गेलेत, बाबांमधून नाही. शब्द समोर दिसला की त्यांना ओळखू येतो ना? मग समोर ठेवू या. माझ्या फोनवर त्यांचे जुने मेसेज आहेत, ते सगळे मोठ्या टाइपात छापून सोबत पाठवलेत. तुझ्या सोळा तारखेच्या पत्रातली वाक्यंही घातलीत. बाबांनी रोज त्यातलं थोडं बघून बघून फोनवर टाइप करायचं. तू करायचं नाहीस! त्यांच्या बोटांनी झालं पाहिजे, म्हणजे कीबोर्ड त्यांच्याच चालीने शिकेल. नेहमीची वाक्यं 'माझा शब्दकोश' मध्ये घाल. पूर्ण वाक्य लिहायचं आणि शेजारी दोन अक्षरांची खूण. 'दुब' लिहिलं की 'दुकान बंद आहे उद्या या' हे आपोआप पुढे यावं. आणि जपायचं बटण आज, आत्ता, दाराला आतून कडी लावून चालू कर.

एक बघितलंस का? मला लिहिलेल्या एकाही मेसेजात खिट्टी हा शब्द नाही. मलाच लिहिताना माझं नाव कशाला घालतील? तुला किंवा दुसऱ्या कुणाला लिहिलं असेल तर असेल. नाहीतर कुठल्या गिऱ्हाइकाला 'खिट्टी सैल झाली आहे बदलावी लागेल' असं. ते आता कळायचं नाही, याची चुटपुट मला लागून राहिलीय.

बाबांना नमस्कार सांग. माझ्यावर विश्वास असू दे.

तुझी,
खिट्टी

२४ जुलै

चि. खिट्टीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे कागद पहिले काही दिवस नुसते पडून होते. मग एका सकाळी बघते तर बाबांनी चष्मा लावलाय आणि किल्लीचे दाते मोजावेत तसा एकेक शब्द बोटाने धरून फोनवर उतरवतायत. मी मदतीला गेले तर कोपराने ढकललं. आता 'द' दाबला की दुकान येतं. मीही पुन्हा येऊ लागलेय. तुझं जपायचं बटण चालू आहे, मी रोज दोनदा बघते.

पण खरी बातमी पुढेच. फोनवर उतरवता उतरवता त्यांनी परवा पेन्सिल मागितली, म्हणजे हवेत लिहून दाखवलं. मी किल्ल्यांच्या खोक्याचा पुठ्ठा दिला. आज त्यांनी तुला लिहिलंय. दुपार गेली. शेवटच्या ओळीला ते अडले, तेव्हा मला राहवलं नाही. कोपऱ्यात 'विचारतो' असं लिहून दिलं. त्यांनी ते वाचलं, मान जोरात हलवली आणि रबर घेऊन माझा शब्द पुसून टाकला. मग आपला लिहिला. तो शब्द तुझ्या कागदांवर असा कुठेही नाही, मी सगळे चाळून बघितले. शेवटची अख्खी ओळच नाही.

पुठ्ठा सोबत जोडते. माझा लोभ तुला फुकट मिळतोच, आज त्यांचाही घे.

तुझी,
कडी

चि. खिट्टी
आशीर्वाद
दुकान चालू आहे. हात बरा. कडी ओरडते पण जेवली.
फोन शिकतो. मी पण.
खिट्टी कधी येणार पुसतो.

बाबा