ठराव क्रमांक नऊचा रिकामा रकाना

प्रति,
मा. निरीक्षण अधिकारी,
गृहसंस्था कक्ष, रायपूर.

अर्जदार : श्यामराव गुल्हाने, वय ६४, सेवानिवृत्त पार्सल लिपिक (रेल्वे), सचिव, मैत्रबाग रहिवासी संस्था, रायपूर.

विषय : लिफ्ट पुन्हा सुरू करण्याचा ठराव क्र. ९ मतांच्या आकड्याविना नोंदवून घेण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचा दि. २९ जानेवारी २००७ चा शेरा : "बाजूने किती व विरुद्ध किती, हा रकाना कोरा आहे. पूर्तता करावी."

महोदया,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार वरील शेऱ्याचा खुलासा करण्यासाठी गेल्या मंगळवारी आपल्या कार्यालयात आला होता. त्याचे पाच मिनिटे ऐकून घेऊन आपण म्हणालात, "काका, तुमच्या हिंदीतून मला काही कळत नाहीये. मराठीत लिहून द्या, मी गोंदियाची आहे." त्यानुसार हा अर्ज मराठीत आहे. फायलीसाठी हिंदी प्रत सोबत जोडली आहे. ती अर्जदाराच्या शेजाऱ्यांनी तपासली असल्याने समजण्याजोगी आहे.

१. मैत्रबाग ही तळमजला अधिक चार मजल्यांची इमारत असून दर मजल्यावर सहा, अशी एकूण तीस घरे आहेत. रायपूर राजधानी झाल्यावर भोपाळहून बदलून आलेले, जुन्या शहरातल्या ब्राह्मणपाऱ्यातील घरांतून इकडे आलेले आणि अर्जदारासारखे विदर्भातून येऊन इथेच मुरलेले, असे सर्व प्रकारचे लोक तिथे राहतात. पहिली दोन वर्षे इमारतीचा कारभार ज्याचा आवाज मोठा त्याच्या मर्जीने चाले. ते पाहून अर्जदाराने पुढाकार घेतला आणि घरटी एक मत, निम्म्याहून एक जास्त हात वर झाले की निर्णय पक्का, असा नियम करून घेतला. तिसऱ्या मजल्यावरचे एक टंकलेखक गृहस्थ इतके हळू बोलत की शेजारच्यालाही ऐकू जात नसे. त्यांना स्कूटर लावायला जागा मिळाली ती या नियमामुळेच. त्या दिवशी ते अर्जदाराच्या घरी पेढे घेऊन आले होते. तेव्हा बहुमताविषयी अर्जदाराच्या मनात तिळमात्र किंतू नव्हता, हे आधीच नमूद करणे त्यास आवश्यक वाटते.

२. सन २००६ च्या उन्हाळ्यात विजेची ओढाताण सुरू झाली. पाण्याचा पंप आणि लिफ्ट एकाच लाइनवर आहेत. दोन्ही एकदम चालू झाले की फ्यूज उडे, टाकी भरत नसे आणि सकाळी सकाळी तीस घरांचे तीस लोक बादल्या घेऊन खाली जमत. म्हणून ६ ऑगस्टला सभा बोलावली. अर्जदाराने फळ्यावर स्वच्छ अक्षरात प्रश्न लिहिला : "पाणी हवे की लिफ्ट?"

चौथ्या मजल्यावरच्या मंजिरी ढोबळे, मंत्रालयात नोकरीला असलेल्या, काही बोलायला उठल्या. अर्जदार म्हणाला, "मतदान सुरू झालं आहे, आता बोलता येत नाही. फक्त हात." त्या बसल्या. तळमजला, पहिला आणि दुसरा मजला मिळून अठरा हात पाण्यासाठी वर झाले. वरच्या दोन मजल्यांचे बारा हात लिफ्टसाठी वर झाले. वरच्यांना पाणी नको होते असे नाही. फळ्यावर तिसरा पर्याय नव्हता, एवढेच. अर्जदार पहिल्या मजल्यावर राहतो. त्याचा हात अठरांत होता. लिफ्टला कुलूप लागले. किल्ली अध्यक्ष श्री. प्रताप चंद्राकर यांच्याकडे गेली आणि अर्जदाराने इतिवृत्तात लिहिले, "ठराव भरघोस बहुमताने मंजूर."

३. मंजिरीबाईंच्या आई श्रीमती कुसुमताई ढोबळे यांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे. चाळीस वर्षे त्यांनी परिचारिका म्हणून काम केले. दोन्ही गुडघे कामातून गेले आहेत, जीभ मात्र शाबूत आहे. लिफ्ट होती तेव्हा त्या रोज सकाळी खाली येऊन फाटकाजवळच्या बाकावर बसत. कोणाला ताप आहे, कोणाची सून रुसली आहे, कोणाचा रक्तदाब वाढला आहे, हे डॉक्टरांच्या आधी त्यांना ठाऊक असे. अर्जदाराची पत्नी सौ. पद्मजा हिची साखर वाढल्याचे प्रथम त्यांनीच ओळखले होते.

लिफ्ट बंद झाली आणि बाक रिकामा पडला. कुसुमताई भाजीसाठी दोरीने टोपली खाली सोडू लागल्या. दसऱ्याला शेजारच्या चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून जिन्याने खाली आणले. प्रत्येक मजल्यावर दारे उघडली, लोक बघायला बाहेर आले. त्या म्हणाल्या, "अरे, मी अजून जिती आहे. माझी मिरवणूक नका काढू." त्यानंतर त्या खुर्चीत बसल्या नाहीत.

४. ऑक्टोबरमध्ये कुसुमताईंनी सभेकडे चिठ्ठी पाठवली की लिफ्टचा विषय पुन्हा घ्यावा आणि घर त्यांच्या नावावर असल्याने घराचे म्हणून त्यांचे मत लिफ्टच्या बाजूने धरावे. अर्जदाराने ती चिठ्ठी नियम १४ अन्वये फेटाळली. नियम १४ असा, की मत सभेच्या जागी हजर राहूनच देता येईल. सभेची जागा तळमजल्यावरचे वाहनतळ. नियम अर्जदारानेच लिहिलेला असल्याने त्याबद्दल दुसऱ्या कोणास दोष देता येत नाही.

त्या संध्याकाळी सौ. पद्मजाने ताट वाढले आणि ती समोर बसली. "चिठ्ठी काहून नाकारली?" तिने विचारले.

"नियम आहे."

"नियम तुम्हीच केला न? मग जा वर अन् त्यायले सांगून या."

अर्जदार गेला नाही. सचिवाने वैयक्तिक भेटी घेऊन सभासदांवर दबाव आणू नये, असे त्याने पत्नीस समजावले. तिने भाजी पुन्हा वाढली नाही.

५. डिसेंबरअखेर वार्षिक सभेची नोटीस वाटायची होती. वरच्या मजल्यांच्या आग्रहाने तीत लिफ्टचा विषयही घेतला होता. वाटणारा गावी गेल्याने अर्जदाराला स्वतः घरोघर जावे लागले. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याला दरदरून घाम फुटला होता. कुसुमताईंनी दार उघडले, त्याचा हात धरून नाडी पाहिली आणि पाणी दिले. मग चष्मा लावून नोटीस वाचली : "सर्व सभासदांनी वेळेवर उपस्थित राहावे. विषय क्र. ३ : लिफ्टबाबत फेरविचार."

त्या हसू लागल्या. "श्यामराव, सभेत लिफ्टचा विषय आहे. अन् त्या सभेले यायले मले लिफ्ट पाहिजे. आता मी काय करू, तुम्हीच सांगा."

अर्जदाराने विचार करून सांगतो म्हटले.

"करा विचार," त्या म्हणाल्या. "मले कुठी जायचं आहे?"

अर्जदार जिना उतरला तेव्हा त्याची मान खाली होती. एकोणतीस घरे आपापल्या कामाला जात होती, येत होती, आणि एक बाई पाच महिने एका मजल्यावर बसून होती. हे कोणी एकाने केले असते तर अर्जदार स्वतः त्याच्याविरुद्ध आपल्याकडे अर्ज घेऊन आला असता. अठरा जणांनी मिळून केले, हात मोजून केले, म्हणून पाच महिन्यांत त्यास ते खटकले नाही. त्या दिवशी त्याने वाटलेल्या नोटिसा परत घेतल्या आणि सभेची जागा खोडून लिहिली : "चौथा मजला, व्हरांडा."

६. ७ जानेवारीला, रविवारी सकाळी दहा वाजता सभा भरली. गणपूर्ती पाहता पाहता झाली, कारण खालच्या मजल्यांना वरचे लोक आपल्या पाठीमागे काय ठरवतील याची धास्ती होती. सर्वजण धापा टाकत आले. व्हरांड्यात जागा संपल्यावर काही जण जिन्यावर बसले. श्री. प्रताप भैया तिसऱ्या मजल्यावर दोनदा थांबले आणि वर पोचल्यावर म्हणाले, "गुल्हानेजी, ये सभा है कि चढ़ाई?"

कुसुमताई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. ज्यांचे चेहरे लाल झाले होते त्यांना त्या पाणी पाठवत होत्या.

विषय क्र. ३ निघाला. अर्जदार खडू घेऊन फळ्याकडे वळला, तेवढ्यात कुसुमताई म्हणाल्या, "थांबा जरा. पंप किती वेळ चालते?"

"सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास," अर्जदार म्हणाला.

"मग बाकीचे बावीस तास लिफ्टनं काय पाप केलं?"

जिन्यावरून कोणीतरी खोकले. मंजिरीबाई हलकेच म्हणाल्या, "काका, ऑगस्टमध्ये मी हेच विचारायला उठले होते. आपने कहा, अब सिर्फ हाथ."

अर्जदाराच्या हातातला खडू तसाच राहिला. आयुष्यात इतकी लाज त्यास एकदाच वाटली होती, दुर्गला जाणाऱ्या पार्सलवर भलत्याच गावाचा शिक्का मारला तेव्हा. ती चूक दुसऱ्या दिवशी तार करून सुधारता आली होती.

श्री. प्रताप भैया उठले. त्यांचा विरोध हट्टाचा नाही, हे आपल्या निदर्शनास आणणे भाग आहे. दोन वर्षांपूर्वी वीज गेली तेव्हा त्यांच्या पत्नी सौ. अर्चना लिफ्टमध्ये तासभर अंधारात अडकल्या होत्या. त्या दिवसापासून भैयांना लिफ्टचे नावही नको असते. ते म्हणाले, "मेरा विरोध है। कल भी था, आज भी है।" मग त्यांनी कुसुमताईंकडे पाहिले, पाण्याच्या पेल्याकडे पाहिले, खिशातून किल्ली काढली आणि त्यांच्या खुर्चीच्या हातावर ठेवली. "पर दीदी, मैं रोकूंगा नहीं।"

"हव," कुसुमताई म्हणाल्या. "अर्चनाले सांगा, मी बसीन तवा माह्यासंगे बसजो म्हणा. मी हात धरीन."

यानंतर सगळे एकदम बोलू लागले. पंपाच्या वेळा कोणत्या, दारावर पाटी कोणी लावायची, आत घंटी हवी की टॉर्च. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ किल्ली उचलून तिथल्या तिथे विजेच्या माणसाला बोलवायला निघालेसुद्धा. हात वर करा, असे अर्जदाराने म्हणावे तोवर निम्मी सभा किल्लीच्या मागे खाली गेली होती.

७. यास्तव रकाना कोरा आहे. ३० विरुद्ध ० असे लिहिता आले असते, परंतु श्री. चंद्राकर यांचा विरोध कायम असल्याने ते खोटे ठरेल. २९ विरुद्ध १ असे लिहू का, म्हणून अर्जदाराने त्यांना विचारले. ते म्हणाले, "मैंने हाथ उठाया कहाँ?" पुन्हा सभा घेऊन हात मोजावेत, असा सल्ला आपल्या कार्यालयातून मिळाला. परंतु मोजणी केली तर कदाचित तेच अठरा आणि तेच बारा निघतील, कदाचित नाही. लिफ्ट आता सुरळीत चालू आहे. ती चालावी की नाही हे पुन्हा विचारण्याचे धाडस अर्जदारात नाही.

हात मोजणे वाईट, असे अर्जदाराचे म्हणणे मुळीच नाही. हात मोजले नसते तर त्या टंकलेखकांची स्कूटर आजही रस्त्यावर उभी असती. परंतु हात मोजण्याआधी कोणते प्रश्न फळ्यावर लिहायचे, कोणाला बोलू द्यायचे आणि कोण खाली येऊच शकत नाही, हेही मोजायला हवे होते. ते अर्जदाराने मोजले नाही.

८. तरी आपणांस विनंती की, ठराव क्र. ९ समोरच्या रकान्यात "चर्चेअंती मान्य, श्री. चंद्राकर यांचा विरोध नोंदवून" अशी नोंद करण्यास परवानगी द्यावी. तसेच नियम १४ रद्द करावा. ज्यांना सभेला येता येत नाही त्यांच्याकडे सभेने जावे, आणि ज्या घरावर ठरावाचा भार पडणार आहे त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय हात वर होऊ नयेत, असा नवा नियम त्याच्या जागी मंजूर व्हावा. मसुदा सोबत आहे. भाषा अर्जदाराची असून दोन ठिकाणची खाडाखोड सौ. पद्मजाची आहे.

९. केवळ माहितीसाठी कळविण्यात येते की, ११ फेब्रुवारीच्या सभेला श्रीमती कुसुमताई लिफ्टने खाली आल्या. सौ. अर्चना चंद्राकर त्यांच्याबरोबर होत्या. दोघींचे डोळे घट्ट मिटलेले होते, असे पाहणारे सांगतात. त्या सभेत अर्जदाराने फाटकावर एक भोंगा बसवावा आणि सर्व सूचना त्यावरून द्याव्यात, असा प्रस्ताव मांडला. नव्या पद्धतीप्रमाणे आधी सर्वांना बोलू दिले, मग हात मोजले. उपस्थित अठ्ठावीसपैकी सत्तावीस हात बाजूने आले. विरुद्ध हात एकच, कुसुमताईंचा.

"कारण?" अर्जदाराने विचारले.

"तुमचा आवाज मले भोंग्याबिगर चौथ्या मजल्यावर येते," त्या म्हणाल्या. "लिहा तसंच. अन् खाली माह्यं नाव लिहा."

सभा खो खो हसली. अर्जदाराने त्यांचे कारण शब्दशः लिहिले, खाली नाव लिहिले आणि त्यांना वाचून दाखवले. त्यांनी मान डोलावली. ठराव सत्तावीस विरुद्ध एक असा रीतसर मंजूर असून रकाना पूर्ण भरलेला आहे. भोंगा मात्र अर्जदाराने अद्याप आणलेला नाही.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहणारा,
नम्र अर्जदार,
(सही) श्यामराव गुल्हाने
सचिव, मैत्रबाग रहिवासी संस्था

रायपूर, दि. १९ फेब्रुवारी २००७

सोबत :
१. दि. ६ ऑगस्ट २००६, ७ जानेवारी व ११ फेब्रुवारी २००७ च्या सभांची इतिवृत्ते.
२. श्रीमती कुसुमताई ढोबळे यांची ऑक्टोबरमधील चिठ्ठी, फेटाळल्याच्या शेऱ्यासह. शेरा अर्जदाराने आता खोडला आहे.
३. नव्या नियमाचा मसुदा.
४. या अर्जाची हिंदी प्रत.