गाळलेली चार पानं

५ मार्च २००६, रविवार
आजपासून रोजनिशी. मराठीसाठी मी काय करतो याची कुठेतरी नोंद हवीच. इथल्या मराठी मंडळाच्या इतिवृत्तात कोणी करत नाही.

चेन्नईत मराठी पुस्तक मिळत नाही. मंडळाच्या लायब्ररीत एक कपाट, त्याची किल्ली माझ्याकडे. आज सेतुमाधवांनी त्यांचं 'कावेरीकाठची चूल' सही करून दिलं. तंजावरी मराठी घरांतलं जेवणखाण, सणवार. गृहस्थ ऐंशीच्या घरातले, हात थरथरतो. दुसऱ्या भागात आईच्या ओव्या आणि पाळणे द्यायचेत. सगळं तोंडपाठ, कागदावर एक अक्षर नाही. पहिली आवृत्ती संपली की पुण्याचा प्रकाशक लिहून घ्यायला माणूस पाठवणार.

संकल्प: आवृत्ती मी संपवून दाखवीन.

८ मार्च
खपायचं तर आधी नाव व्हायला हवं. पुस्तक स्कॅन करून जगभरच्या मराठी लोकांना मेल करायचं. वाचतील, आवडेल, विकत घेतील. इतकी साधी गोष्ट प्रकाशकाला सुचू नये?

१० मार्च
फॅक्टरीतला स्कॅनर जेवणाच्या सुट्टीत तसाही रिकामाच. पुस्तकाची शिवण ब्लेडने कापली, पानं सुटी केली. हेमलता म्हणाली, अहो, सही केलेलं पुस्तक कापलंत? हात कसा धजला? हिला टेक्नॉलॉजी कळत नाही.

१२ मार्च
ब्राउझिंग सेंटरमधून मेल जाईना. फाईल जड. सुरुवातीची चार पानं काढून टाकली: नाव-सही, अर्पणपत्रिका, हक्कांचा मजकूर, प्रकाशकाचा पत्ता. तिथे वाचण्यासारखं काय असतं? 'स्कॅन आणि सेवा: रत्नाकर, आवडी, चेन्नई' हे पान मात्र ठेवलं. संपर्कासाठी.

गेली एकदाची!

२ एप्रिल
मेलच मेल. सिंगापूर, न्यू जर्सी. दुबईच्या एका ताईंनी माझी लेखनशैली ओघवती आहे म्हणून कळवलं. चूक दुरुस्त करणार होतो, पण त्यांना उगाच ओशाळल्यासारखं झालं असतं.

मंडळात नागोजींनी वाद घातला. लेखकाला विचारलंत का? लायब्ररीतली प्रत एका वेळी एकाच घरी जाते, वाट बघून कंटाळलेला विकत घेतो. तुम्ही तर घरोघर फुकट वाटलीत. मी म्हटलं, हीसुद्धा लायब्ररीच, फक्त पुस्तक परत आणायची कटकट नाही. त्यांनी स्वतःचं पुस्तक उशिरा आणलं होतं. दंड घेतला. नियम म्हणजे नियम.

१६ एप्रिल
शेअर ऑटोने वेलचेरीला, सेतुमाधवांकडे. खप थांबलाय म्हणाले. उन्हाळा असेल. फाईलचं सांगणार होतो, पण म्हटलं सरप्राइज राहू दे.

त्यांच्या पत्नी गोदाबाईंनी कॉफी दिली. म्हणाल्या, तुमचं अक्षर छान आहे, रविवारी येऊन यांच्या ओव्या उतरून घ्याल का? सेतुमाधव लाजले, नुसते 'सरी, सरी' म्हणाले, म्हणजे बरं, बरं. मी म्हटलं, पुढच्या रविवारी नक्की.

२३ एप्रिल
जमलं नाही. दुसरं पुस्तक स्कॅनला घेतलंय. लोक वाट बघतात.

७ मे
केवढं ऊन! या उन्हात वेलचेरीला कोण जाईल?

१८ जून
मंडळात कळलं, प्रकाशकाने सेतुमाधवांना पत्र पाठवलंय. पुस्तक नेटवर फुकट फिरतंय, गठ्ठे तसेच पडून आहेत, दुसरा भाग काढता येणार नाही. सोबत फाईलची प्रिंट. तिच्यावर लेखकाचं नाव नाही. माझं आहे.

गोदाबाईंचा फोन आला. त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढंच म्हणाल्या, आता तुम्हीच लिहून घ्या, येता रविवार जमेल? म्हणजे राग नाही. म्हणजे माझा मुद्दा त्यांना पटलेला दिसतो.

९ जुलै
निघालो होतो. शर्टही घातला. परत काढून ठेवला. त्या माणसासमोर बसायचं कसं? लाज वाटते. इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय.

संकल्प: पुढच्या रविवारी सरळ पाय धरायचे आणि लिहायला बसायचं. नवीन वही आणली. पेनही चांगलं घेतलं.

३० जुलै
सर्दी. बरा झालो की जाणारच.

२० ऑगस्ट
सेतुमाधव गुरुवारी गेले.

आज भेटायला गेलो तर वही पिशवीत होती. का घेतली कोण जाणे. गोदाबाईंना विचारलं, ओव्या तुम्हाला येतात का? म्हणाल्या, सासूबाईंच्या त्या, यांनाच पाठ होत्या. एक म्हणून बघितली. मध्येच अडल्या. पुन्हा सुरुवातीपासून म्हटली, पुन्हा तिथेच अडल्या. मग पदर तोंडाला लावून आत गेल्या.

मी अर्धी ओळ लिहून घेतली.

२७ ऑगस्ट
गाळलेली चार पानं ड्रॉवरमध्ये सापडली. सहीतली अक्षरं थरथरलेली, पण नाव वाचता येतं. स्कॅन करून सगळ्यांना पाठवली. खाली लिहिलं की पुस्तक यांचं आहे, माझं नाही. हलकी फाईल, लगेच गेली.

संध्याकाळी एकच उत्तर आलं, दुबईच्या ताईंचं. 'पानं मिळाली. हे सेतुमाधव कोण? तुमचे वडील का? छान लिहिता तुम्ही. दुसरा भाग कधी पाठवताय?'