वेठीचं नवं नाव

शुक्रवार, नोव्हेंबर १९६४. संध्याकाळ.

आज सातवीला क्रांतीपूर्वीचा फ्रान्स शिकवला. फळ्यावर तीन पायऱ्या काढल्या. वर पाद्री, मग सरदार, तळाला बाकी सगळे. वरच्या दोघांना कर माफ. तळाच्यांना कर, शिवाय वेठ. वेठ म्हणजे मालकाचं काम फुकट करायचं, नाही म्हणायची सोय नाही, असं सांगत होतो, तर मासवणची मंजुळा उठून म्हणाली, "आमचे आज्याने केली हाय वेठ. आता तिला श्रमदान बोलतात ना, गुरुजी?"

वर्गात कोणी हसलं नाही. तेच बोचतंय. उद्या सगळी सातवी शाळा समितीच्या अध्यक्षांच्या माळावर गवत कापायला जाणार आहे. सूचनेच्या वहीत 'श्रमदान' माझ्याच अक्षरात आहे. म्हटलं, अगं, श्रमदान आपखुशीने असतं. तिने विचारलं, "मंग नाय आलं तर चालंल?"

मी घंटा होईपर्यंत फळा पुसत राहिलो.

अध्यक्षांना जाऊन सांगावं का? पण राहती खोली त्यांची, नोकरी त्यांच्या शब्दावर, आणि घरी बायकोचे दिवस भरत आलेत. अशात कुठे जाणार?

त्या पायऱ्या काही डोक्यातून जात नाहीत. इतके दिवस मी स्वतःला तळाच्या पायरीवरचा समजत होतो. पण उद्या मंजुळा विळा घेऊन येईल आणि मी हजेरी घेऊन सावलीत उभा राहीन. मालकाचं काम हे देवाचं काम, असं तिकडे पाद्री सांगायचे. मीही उद्या तेच सांगणार. फक्त देवाच्या जागी देश म्हणेन.