मी हजर होतो

रोहा, सोमवार दि. ९ जुलै २००७, सायंकाळी ६.१०. शिफ्टवरून येऊन बोटांना ग्लिसरीन चोळत होतो, ते पुसून लिहीत आहे.

ती. दिनानाथमामांस, मोरूचा सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून पत्र. कंपनीतले हजेरीचे रजिस्टर गेले. गेटवर यंत्र बसवले आहे; ते बोटावरच्या रेघा पाहून हजेरी लावते. सगळ्यांचे अंगठे नोंदवले गेले, माझा उमटतच नाही. दोन्ही अंगठे, दोन्ही तर्जन्या करून झाल्या. गुरुवारपासून मी रोज कामावर आहे आणि रोज गैरहजर आहे. गेटवरचा वॉचमन पोपट म्हणाला की, मोरू, मला तू दिसतोस, पण त्याला नाय दिसत, मी काय करू?

ऑफिसात म्हणाले की दर रविवारी तुमच्या कारखान्यात गणपती घासून रेघा झिजल्या. वीस तारखेपर्यंत बोट उमटले नाही तर कायम कामगारांच्या यादीत नाव जाणार नाही. तुमच्या दोनशे मूर्ती घासायच्या राहिल्यात हेही दिसते. रविवारी येऊ की नको? मी मीच आहे, हे कसे दाखवू?

लोभ आहे तो झिजू देऊ नये.
आपला मोरू

हमरापूर, ता. पेण, १२ जुलै

चि. मोरूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी सगुणामामी आधी हसली, मग म्हणाली की तुमच्या गणपतींनी पोराची ओळख घासून नेली. मी माझी बोटे पाहिली. बशीसारखी गुळगुळीत! रविवारी येऊ नकोस, घासायला कृष्णाबाई येते.

आज काम करताना आठवले. तू डावखुरा. उजव्या हाताने मूर्ती धरतोस, ती पाचही बोटे गेली असतील. पण पॉलिश पेपर धरलास की तुझी डावी करंगळी वर उभी राहते, कपबशीने चहा पिणाऱ्या साहेबासारखी. त्यावरून मी तुला तीन वर्षे ओरडलो, एकदा सुतळीने बांधलीसुद्धा. त्या आळशी करंगळीने एकही मूर्ती घासलेली नाय. ती दाखव त्याला.

तुझा मामा

रोहा, सोमवार दि. १६ जुलै, दुपारी १.०५, जेवणाचा डबा उघडण्यापूर्वी.

ती. मामांस सा. न.

करंगळी ठेवली. हिरवा दिवा लागला आणि यंत्रातली बाई थँक्यू म्हणाली. यादीत नाव गेले. आता पोपट मला करंगळीशेठ म्हणतो. पण माझा गोंधळ गेला नाही. ज्या बोटांनी काम केले ती चालत नाहीत, जिने केले नाही ती चालते, असे कसे?

येत्या रविवारी येतो. करंगळीला चिंधी बांधीन. ती वर राहिली तर या वेळी ओरडू नये. मामींना नमस्कार, आणि माया पूर्वीइतकीच राहू द्यावी.

मोरू

खर्च : ग्लिसरीन २२ रु. (वाया).
येणे : नऊ दिवसांचा पगार, मी तेव्हा हजर होतो हे सिद्ध झाल्यास.